विश्लेषण : गाडीचा ‘मेंदू’ पावसात दगा का देतो? दोष चिपचा की डब्याचा?

किल्ली काढलेली, पार्क केलेली गाडीही पेट घेऊ शकते, तेव्हा ती घरापासून लांब, उघड्यावर उभी करा. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या लाखो गाडीमालकांना ही सूचना मिळाली. हुंदाई आणि किया यांनी मिळून तिथे सुमारे ३३ लाख ७० हजार गाड्या रिकॉल केल्या होत्या. पेट्रोलची गळती नव्हती, सॉफ्टवेअरची चूकही नव्हती. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचं जे नियंत्रण युनिट असतं, त्याच्या आतच ब्रेक ऑइल झिरपत होतं आणि तिथल्या सर्किटमध्ये शॉर्ट होत होता.

गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सची चर्चा निघाली की ती चिप, सॉफ्टवेअर, ‘एडास’ आणि मोठ्या स्क्रीनभोवती फिरते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात एक इलेक्ट्रिक स्कूटर भररस्त्यात पेटल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला, तेव्हापासून त्यात बॅटरीची भर पडली. पण गेल्या काही वर्षांतले मोठे रिकॉल बघितले तर बोट वारंवार फार साध्या गोष्टींकडे जातं : सर्किट ज्या डब्यात बसतं तो डबा, त्याचं सील, त्याला तारा जोडणारे कपलर आणि आतली उष्णता बाहेर जाण्याची वाट. पाऊस, धूळ, खड्डे आणि ४५ अंशांचा उन्हाळा एकाच गाडीला सोसावा लागणाऱ्या महाराष्ट्रात तर या साध्या गोष्टींवरच बरंच काही ठरतं.

ईसीयू आपल्या गाडीत कधी आला?

इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयू, हा गाडीतला छोटा संगणक. सेन्सरकडून माहिती घ्यायची, हिशेब करायचा आणि इंजेक्टर, पंप, मोटर यांना हुकूम सोडायचा, एवढं त्याचं काम. इंजिनाचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, असे आजच्या साध्या कारमध्येही कितीतरी ईसीयू असतात. महागड्या गाड्यांमध्ये ही संख्या शंभराच्या घरात जाते.

भारतात खरा बदल दुचाकीत झाला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि कार्ब्युरेटर जाऊन जवळपास सगळ्या दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. म्हणजे दूधवाल्याच्या मोटारसायकलपासून कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या स्कूटरपर्यंत सगळीकडे सीटखाली किंवा पुढच्या पॅनलमागे एक संगणक येऊन बसला. कार्ब्युरेटरमध्ये पाणी गेलं तर मेकॅनिक तो खोलून, फुंकर मारून पुन्हा बसवायचा. ईसीयूला फुंकर चालत नाही.

एका रबरी कडीने ३३ लाख गाड्या कशा अडचणीत आणल्या?

एबीएसच्या युनिटमध्ये दोन अगदी वेगळ्या दुनिया एकमेकांना चिकटून असतात. एका बाजूला ब्रेक ऑइलचा दाब, झडपा आणि पंप. दुसऱ्या बाजूला, काही मिलिमीटरवर, सर्किट बोर्ड. मध्ये असतात रबरी सील. कंपनीच्या म्हणण्यानुसार ब्रेक ऑइलमध्ये साचलेला ओलावा, घाण आणि विरघळलेले धातूचे अंश यांमुळे मोटरच्या दांड्यावरची ओ-रिंग काळानुसार आपली पकड गमावत होती. ऑइल बोर्डावर पोहोचलं की शॉर्ट. हुंदाईकडे तेव्हा आगीच्या २१ घटनांची नोंद होती.

मग गाडी बंद असताना आग कशी लागते? एबीएस युनिटची एक तार थेट बॅटरीला जोडलेली असते. किल्ली काढली तरी त्या तारेत वीज असते. त्यामुळे मालक घरात झोपलेला असताना खाली गॅरेजमध्ये शॉर्ट सर्किट चालू राहू शकतं.

यावर काढलेला उपाय विचार करायला लावणारा आहे. कंपन्यांनी एबीएसचा फ्यूज बदलून कमी अँपिअरचा बसवायचं ठरवलं. शॉर्ट झालाच तर वीज लवकर तुटेल आणि आग लागणार नाही, हा त्यामागचा हिशेब. आग टाळण्यासाठी तो बरोबर आहे आणि स्वस्तही. पण झिरपणारं सील जिथल्या तिथेच राहतं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा प्रशासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये या दोन कंपन्यांच्या अशाच प्रकारच्या १६ रिकॉलची, सुमारे ६४ लाख गाड्यांची, एकत्रित तपासणी सुरू केली. एकाच धाटणीचा दोष सात वर्षं वेगवेगळ्या मॉडेलमध्ये डोकं वर काढत असेल, तर प्रश्न एखाद्या सुट्या भागाचा उरत नाही. द्रवाच्या शेजारी सर्किट ठेवायचं आणि दोघांमध्ये फक्त रबर, ही रचनाच तपासावी लागते.

डबा सीलबंद असूनही पाणी आत जातं कसं?

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. पाणी फटीतून ‘शिरतं’ असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा डबाच ते ओढून घेतो.

इंजिनाजवळचा ईसीयू तासभर गाडी चालल्यावर ८५ अंश सेल्सियसपर्यंत तापला असं समजा. आतली हवा गरम होऊन फुगते आणि सील, तारा, प्लास्टिकचे जोड यांमधून हळूहळू थोडी बाहेर पडते. आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. आता गाडी साचलेल्या पाण्यात शिरली. डब्यावर २५ अंशांचं पाणी उडालं. आतली हवा काही क्षणांत आकसते आणि दाब जवळपास १७ टक्क्यांनी पडतो. हवेच्या दाबाचे १७ टक्के म्हणजे साधारण पावणेदोन मीटर खोल पाण्यात बुडवल्याइतका जोर. गाडी उभी आहे गुडघाभर पाण्यात, पण डब्याच्या सीलला वाटतं आपण माणूसभर खोल बुडालोय. जिथे कमजोर जागा सापडेल तिथून पाणी आत खेचलं जातं. एकदा गेलेलं पाणी सहसा बाहेर येत नाही, कारण पुढच्या खेपेला गरम झाल्यावर बाहेर जाते ती हवा. पाणी आतच राहतं.

मग डबा पूर्ण, अगदी हवाबंद का करत नाहीत? करता येतो, पण तसा डबा रोज तापताना फुगतो आणि थंड होताना आकसतो, आणि हा ताण हजारो वेळा सीलवरच येतो. शिवाय रबर आणि प्लास्टिक बाफ थोडीफार आत येऊ देतातच. म्हणून उलटा मार्ग निघाला : डब्याला मुद्दाम एक भोक ठेवायचं. त्या भोकावर ताणलेल्या पीटीएफई प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बसवतात. नॉनस्टिक तव्यावरचा थर ज्या जातीचा, त्याच जातीचा हा पदार्थ. त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब अडतो. डबा श्वास घेतो, दाब सारखा राहतो, सीलवर जोर येत नाही. रुपयाच्या नाण्याहून लहान असलेला हा पापुद्रा महागड्या ईसीयूचं आयुष्य ठरवतो.

आणि तोच आपल्याकडे हमखास बुजतो. चिखल बसतो. गंज लागू नये म्हणून केलेलं अंडरबॉडी कोटिंग त्यावरही फवारलं जातं. रंगकाम करताना त्यावर रंग बसतो. भोक बुजलं की डबा पुन्हा पाणी ओढायला मोकळा.

‘आयपी ६७’ लिहिलेलं असेल तर काळजी मिटली का?

नाही. इलेक्ट्रिक स्कूटरच्या जाहिरातीत हा आकडा हमखास असतो. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवल्यावर हानिकारक प्रमाणात पाणी आत गेलं नाही. आकडा खोटा नसतो. पण तो कशाचा आहे, हे बघायला हवं.

ज्या आंतरराष्ट्रीय मानकातून हे आकडे आले, त्या आयईसी ६०५२९ मध्ये या बुडवण्याच्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा अशी अट आहे. म्हणजे वर सांगितलेला तापलेला डबा आणि गार पाणी हा प्रकार या चाचणीत येतच नाही. त्यासाठी वाहनांच्या भागांना आयएसओ १६७५० या मानकात वेगळी चाचणी आहे : भाग तापवायचा आणि त्यावर बर्फाइतकं गार पाणी मारायचं किंवा त्यात बुडवायचा. चांगले उत्पादक ती करून घेतात. जाहिरातीत मात्र तिचं नाव दिसत नाही, कारण ‘आयपी ६७’ लोकांच्या ओळखीचं झालंय.

दुसरी गोष्ट वॉशिंग सेंटरची. बुडवण्याची चाचणी पास झालेला डबा प्रेशर पंपाच्या फवाऱ्यासमोर टिकेलच असं नाही. दोन्हींचा जोर वेगळा. फवाऱ्यासाठी ‘आयपी ६के९के’ ही स्वतंत्र श्रेणी आहे : ८० अंशांचं पाणी, ८० ते १०० बार दाब, १० ते १५ सेंटिमीटर अंतरावरून, चार वेगवेगळ्या कोनांतून प्रत्येकी ३० सेकंद. वॉशिंग सेंटरवरचा पोऱ्या सीटखाली, हेडलाइटमागे, फुटबोर्डच्या फटीत नळी धरून मिनिटभर फवारा मारतो, तेव्हा तो नकळत याच चाचणीच्या जवळ पोहोचलेला असतो. तुमच्या गाडीचा भाग त्यासाठी बनलाय की नाही, हे मात्र कोणी विचारलेलं नसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे हा आकडा नव्या, कपलर नीट बसवलेल्या डब्याचा असतो. पाच पावसाळे बघितलेल्या रबराचा नसतो. कोकणात आणि गोव्यात तर खारी हवा आणखी एक काम करते. अॅल्युमिनियमच्या डब्याला गंज चढतो तो काठाकडून सुरू होऊन गास्केटच्या खाली सरकत जातो. वरून डबा ठीक दिसतो, पण गास्केट ज्या पृष्ठभागावर टेकलं होतं तोच पोखरलेला असतो.

‘कपलर काढून परत लावला, गाडी चालू झाली’ याचं गुपित काय?

गॅरेजमध्ये हा अनुभव कित्येकांनी घेतलाय. गाडी अधूनमधून बंद पडते, मेकॅनिक सीटखालचा कपलर ओढतो, फुंकतो, पुन्हा दाबतो. गाडी चालू. महिन्याभराने तेच.

यात जादू नाही. कपलरच्या आतल्या पिनांवर सहसा कथिलाचा मुलामा असतो. कथिलावर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ, कडक थर बसतो. कपलर दाबताना पिना एकमेकींवर घासतात, तो थर फुटतो आणि आतल्या मऊ धातूचा एकमेकांशी संपर्क होतो. पुढे रस्त्यावरचे हादरे आणि तापमानातले चढउतार यांमुळे पिना काही मायक्रॉन पुढेमागे सरकत राहतात. प्रत्येक वेळी नवा धातू उघडा पडतो, त्याचा ऑक्साइड होतो, आणि त्याची काळसर भुकटी नेमकी संपर्काच्या जागी साचते. जोडाचा रोध मिलिओहममधून ओहममध्ये जातो. हेडलाइटला त्याने फारसं कळत नाही, पण ५ व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरचा निरोप चुकतो. ईसीयू चुकीच्या आकड्यावर बरोबर हिशेब करतो आणि इंजिन बंद पाडतो. कपलर काढून लावला की भुकटी पुसली जाते, आणि पुढचे काही आठवडे निभतात.

यावर इलाज आहे : सोन्याचा मुलामा. सोन्यावर ऑक्साइड बसत नाही. म्हणूनच एअरबॅगसारख्या ठिकाणी, जिथे चुकून चालणार नाही, सोन्याच्या पिना वापरतात. पण एका गाडीत शेकडो पिना असतात आणि एकेका पैशाची घासाघीस चालते. कुठे सोनं, कुठे कथिल, हे ठरवताना पुढच्या दहा वर्षांतले किती ग्राहक रस्त्यात अडकतील हेही ठरत असतं. ग्राहकाला ते माहितीपत्रकात कधी दिसत नाही.

कपलरमधून पाणी जाण्याचा एक मार्ग तर चक्रावून टाकणारा आहे. तार म्हणजे बारीक तांब्याच्या केसांची जुडी. तिच्या आत पोकळ्या असतात. ईसीयूपासून दोन मीटरवर कुठेतरी तारेचं आवरण फाटलं, तर तिथून पाणी तारेच्या आतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, सरकत सरकत थेट ईसीयूच्या डब्यात पोहोचतं. डबा थंड होताना ओढत असेल तर आणखी लवकर. कपलरचं बाहेरचं सील शाबूत, डब्याचं झाकण शाबूत, आणि आत पाणी.

आता आपल्याकडच्या सवयी बघा. जादा हॉर्न, फॉग लाइट, जीपीएस ट्रॅकर, मोबाइल चार्जर बसवताना मूळ तार सोलून त्यावर दुसरी पिळली जाते आणि वर काळी टेप. दोष शोधताना टेस्ट लॅम्पची टोकदार सुई तारेच्या आवरणात खुपसली जाते. ते भोक डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या पावसात मात्र पाण्याला सापडतं. कंपन्या अशा कामानंतर वॉरंटी नाकारतात तेव्हा मालकाला तो बहाणा वाटतो. काही वेळा तो असतोही. पण तांत्रिक कारण खरं आहे.

उष्णतेचा मुद्दा किती गंभीर?

पाण्यासाठी डबा बंद करावा लागतो, आणि बंद केला की उष्णता आत अडकते. या व्यवसायातली ही मूळ ओढाताण आहे. घरच्या संगणकासारखा पंखा लावून बाहेरची हवा आत घेता येत नाही, कारण त्या हवेबरोबर धूळ आणि पाणी येईल. मग उष्णता घन पदार्थांतूनच बाहेर न्यावी लागते : चिपकडून बोर्डात, बोर्डाकडून उष्णता वाहणाऱ्या मऊ लेपातून अॅल्युमिनियमच्या डब्यात, आणि डब्यावरच्या उभ्या पट्ट्यांतून हवेत. साध्या प्लास्टिकपेक्षा ओतीव अॅल्युमिनियम उष्णता काहीशे पटींनी चांगली वाहून नेतं. पण मध्ये कागदाइतकी हवेची फट राहिली तरी सगळी साखळी तुटते, कारण हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. लेप नीट पसरला का, स्क्रू पुरेसा आवळला का, अशा बारीक गोष्टींवर इथे सगळं अवलंबून असतं.

इंजिनाच्या ईसीयूला तुलनेने कमी उष्णता हाताळायची असते. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटर कंट्रोलरचं तसं नाही. मोटरला ५ किलोवॉट देणारा कंट्रोलर ९६ टक्के कार्यक्षम धरला, तरी सुमारे २०० वॉट उष्णता त्या डब्यातच तयार होते. साठ वॉटचे तीन जुने पिवळे बल्ब एका जेवणाच्या डब्यात पेटवून ठेवावेत, तसा हा प्रकार. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात बाहेरची हवाच ४५ अंश असते, आणि डबा फुटबोर्डखाली, वारा लागणार नाही अशा जागी. घाट चढताना तर दुहेरी अडचण होते : करंट सर्वांत जास्त आणि वेग कमी असल्यामुळे वारा सर्वांत कमी. अशा वेळी कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. ‘दोघं बसलो की स्कूटर चढाला रडते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. तो बिघाड नाही, पण डबा आणि त्याची जागा निवडताना कुणाच्या घाटाचा विचार झाला होता, हा प्रश्न रास्त आहे.

उष्णतेचं खरं नुकसान मात्र हळूहळू होतं. बोर्ड, तांबं, सोल्डर आणि चिप प्रत्येक जण तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतो. रोज सकाळ-संध्याकाळ तापणं आणि निवणं म्हणजे सोल्डरचा जोड रोज थोडा वाकवणं. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा एक दिवस त्याला तडा जातो. २०१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत २००५ ते २००८ या काळातल्या सुमारे ११ लाख ३० हजार कोरोला आणि मॅट्रिक्स गाड्या परत बोलावल्या, त्या इंजिनाच्या नियंत्रण युनिटमध्ये सोल्डरच्या काही जागी तडे जाऊ शकत होते म्हणून. चालती गाडी बंद पडण्याचा धोका होता.

नव्या गाड्यांत संगणक वाढले तसा हा ताणही वाढला. मे २०२२ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे १ लाख ३० हजार गाड्या रिकॉल केल्या. फास्ट चार्जिंगच्या वेळी मधल्या स्क्रीनचा प्रोसेसर पुरेसा थंड होत नव्हता आणि स्क्रीन अडखळण्याची किंवा काळी पडण्याची शक्यता होती. रिव्हर्स कॅमेरा त्याच स्क्रीनवर दिसतो. दुरुस्ती सॉफ्टवेअर अपडेटने, घरबसल्या झाली. सोय उत्तमच आहे. उष्णता सांभाळण्याची रीत सॉफ्टवेअरने बदलता येते. धातूची पट्टी मात्र इंटरनेटवरून पाठवता येत नाही.

भारतात हे कुठपर्यंत आलं आहे?

हुंदाई आणि कियाच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ‘आयसीसीयू’ नावाचं एक युनिट असतं. बाहेरून चार्जिंग करणं आणि मोठ्या बॅटरीतून छोटी १२ व्होल्टची बॅटरी भरत राहणं, ही दोन्ही कामं ते करतं. ते खराब झालं तर १२ व्होल्टची बॅटरी रिकामी होते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी रस्त्यात थांबू शकते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत यासाठी सुमारे १ लाख ४७ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. व्होल्टेजचे क्षणिक झटके आणि वारंवार तापणं-निवणं यांमुळे आतले भाग खराब होतात, असं कारण दिलं गेलं. त्यानंतर जून २०२४ मध्ये भारतात हुंदाईने १,७४४ आयोनिक ५ आणि जुलैमध्ये कियाने १,१३८ ईव्ही ६ याच युनिटसाठी तपासायला बोलावल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये कियाला पुन्हा १,३८० ईव्ही ६ साठी सॉफ्टवेअर अपडेट जाहीर करावं लागलं.

आकडे छोटे आहेत, कारण या गाड्या महाग आहेत आणि थोड्या विकल्या गेल्या. पण चार्जर, कन्व्हर्टर आणि कंट्रोलर एकाच डब्यात कोंबण्याची पद्धत आता स्वस्त गाड्यांतही येते आहे. त्याने तारा वाचतात, वजन आणि खर्च कमी होतो. उष्णतेचे स्रोत मात्र एकत्र येतात, आणि एक भाग गेला की अख्खा डबा बदलावा लागतो. बॅटरीवर आठ वर्षांची वॉरंटी असल्याची जाहिरात काही स्कूटर कंपन्या करतात. कंट्रोलर, चार्जर आणि वायरिंगवर किती वर्षं, हे विकत घेताना वेगळं विचारायला हवं, कारण ते बऱ्याचदा वेगळंच असतं.

नियम काय सांगतात?

पेटलेल्या स्कूटरींच्या घटनांनंतर केंद्राने इलेक्ट्रिक दुचाकींसाठीच्या एआयएस-१५६ या मानकात बदल केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते दोन टप्प्यांत लागू केले. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये त्यानुसार चाचण्या होतात. हा भर मुख्यतः बॅटरी पॅकवर आहे आणि तो आवश्यकही होता. बाकीच्या नियंत्रण युनिटचा डबा किती पाणी सोसेल, कपलरवर कोणता मुलामा असेल, हे बहुतांशी गाडीची कंपनी आणि चाकण, बेंगळुरू किंवा चेन्नईतला तिचा पुरवठादार यांच्यातल्या करारात ठरतं. तिथे ग्राहकाच्या बाजूने कोणी बसलेलं नसतं.

दोष निघालाच तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम ११० अ उपयोगी पडतं. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांबाबत ठराविक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं आणि कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याआधी २०१२ पासून कंपन्यांची स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत होती, आणि आजही बहुतेक रिकॉल तसेच होतात.

अडचण अशी की इथे वर्णन केलेले दोष तक्रारीच्या आकड्यात सहज येत नाहीत. गाडी पावसात बंद पडते, सर्व्हिस सेंटरला पोहोचेपर्यंत वाळते आणि चालू होते. कपलर काढून लावला जातो आणि कागदावर ‘दोष आढळला नाही’ अशी नोंद होते. कधी ईसीयू बदलून दिला जातो. जुना कारखान्यात तपासला की ठणठणीत निघतो, कारण दोष त्याच्यात नव्हताच, कपलरच्या पिनेत होता. अशी नोंद झाली की सरकारी पोर्टलवर तक्रार करायलाही हातात पुरावा राहत नाही. म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला देताना एरर कोड, तारीख, किलोमीटर आणि त्या वेळी पाऊस होता की नव्हता, एवढं जॉब कार्डवर लिहून घ्यावं आणि त्याचा फोटो जपून ठेवावा.